गुणसूत्रांची साक्ष आणि माणसाचा निवाडा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत साहित्य, संगीत आणि इतिहास यांना मानाचे स्थान असावे हे योग्यच आहे. त्यांच्या पंक्तीत एक दिवस विज्ञानासाठीही राखून ठेवल्याबद्दल मी चालकांचा आभारी आहे. विषय निवडण्याचे स्वातंत्र्य मला मिळाले आणि मी मानवी गुणसूत्रे, त्यांत उद्भवणारे दोष आणि विशेषतः स्त्रीपुरुषभेदाशी संबंधित अशी लिंगगुणसूत्रे हा विषय घेतला. हा विषय चारचौघांत बोलण्याजोगा नव्हे, असे काहींना वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या गोष्टींची वाच्यता होत नाही, त्यांच्याविषयीच घरोघर अधिक गैरसमज असतात आणि त्या गैरसमजांचे ओझे बहुधा घरातल्या स्त्रीला किंवा मुकाट्याने सोसणाऱ्या मुलाला वाहावे लागते. म्हणून संकोच बाजूस ठेवून हा विषय मांडतो.

यास एक स्थानिक कारणही आहे. २००६ साली तमिळनाडूच्या एका धावपटू मुलीचे पदक शारीरिक तपासणीनंतर काढून घेण्यात आले. आणि २०१९ साली मद्रास उच्च न्यायालयाने जन्मतः वेगळी शरीररचना असलेल्या बालकांविषयी एक महत्त्वाचा निर्णय दिला. या दोन्ही घटनांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. प्रयोगशाळेतून येणारा अहवाल ही माणसाविषयीची साक्ष मानावयाची, की त्याच्याविषयीचा निवाडा? माझे उत्तर आरंभीच सांगतो. ती साक्ष आहे, मोलाची साक्ष आहे. निवाड्याचा अधिकार मात्र तिला नाही. असे मी का म्हणतो, हेच आज स्पष्ट करावयाचे आहे.

प्रथम मूळ गोष्टी पाहू. आपल्या शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशीच्या केंद्रकात आनुवंशिक मजकुराची एक संपूर्ण पोथी असते. ही पोथी ४६ खंडांत विभागलेली आहे, आणि या खंडांनाच आपण गुणसूत्रे म्हणतो. त्यांच्या २३ जोड्या होतात. प्रत्येक जोडीतील एक खंड मातेकडून आलेला व दुसरा पित्याकडून आलेला असतो. पहिल्या २२ जोड्या स्त्रीपुरुषांत सारख्याच. तेविसाव्या जोडीत स्त्रीला सामान्यतः दोन ‘एक्स’ गुणसूत्रे असतात, तर पुरुषाला एक ‘एक्स’ आणि एक आखूड ‘वाय’.

आज शाळकरी मुलालाही ठाऊक असलेली ही ४६ ची संख्या निश्चित होण्यास फार काळ लागला. १९२० च्या दशकापासून तीसएक वर्षे सर्व पाठ्यपुस्तकांत ४८ हा आकडा छापला जात होता, आणि सूक्ष्मदर्शकातून पाहणारे विद्वानही पुस्तकात आहे म्हणून ४८ च मोजत होते. १९५६ साली स्वीडनमधील लुंड येथे, जावा बेटात जन्मलेले जो हिन त्जिओ आणि त्यांचे सहकारी अल्बर्ट लेव्हान यांनी ४६ ही बरोबर संख्या दाखवून दिली. डोळ्यांसमोर जे आहे ते पाहण्याऐवजी जे अपेक्षित आहे ते पाहण्याची ही खोड आपल्या विषयात पुढेही भेटणार आहे, म्हणून हा इतिहास सांगितला.

गुणसूत्रे मोजण्याची रीत थोडक्यात अशी आहे. रक्ताचे काही थेंब घेऊन त्यांतील पांढऱ्या पेशी दोनतीन दिवस वाढू देतात. पेशी विभाजनाच्या ऐन भरात आल्या की कोल्चिसीन किंवा त्याच जातीचे द्रव्य घालून विभाजन थांबवतात. मग रंग देऊन छायाचित्र काढतात व गुणसूत्रांच्या जोड्या लावतात. हे कोल्चिसीन ज्या वनस्पतींत सापडते, त्यांपैकी एक आपल्या चांगल्या परिचयाची आहे. मराठीत तिला कळलावी म्हणतात. तिचे ज्वालेसारखे तांबडे-पिवळे फूल, तमिळमधील ‘सेंगांदळ’, हे तमिळनाडूचे राज्यपुष्प आहे. प्रसूतीच्या कळा लावणारी म्हणून जिची आपल्या पूर्वजांना ओळख होती, तिच्यातलेच द्रव्य जन्माच्या दुसऱ्या एका रहस्याचा उलगडा करण्यास उपयोगी पडावे, हा योगायोग मोठा सुंदर आहे.

गुणसूत्रांच्या अभ्यासाशी चेन्नईचे नातेही जुने आहे. एडवलेथ कक्कट जानकी अम्माळ या थोर विदुषीचे शिक्षण येथील क्वीन मेरीज व प्रेसिडेन्सी महाविद्यालयांत झाले. १९३१ साली त्यांनी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. पुढे कोइंबतूरच्या ऊस पैदास संस्थेत त्यांनी उसाच्या संकरांवर मौलिक काम केले. सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला लागवडीच्या वनस्पतींचा गुणसूत्रकोश १९४५ साली प्रसिद्ध झाला. १९७७ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि अखेरच्या वर्षांत मदुरवॉयल येथे संशोधन करीत असतानाच १९८४ साली त्या निवर्तल्या. आज कोल्हापूर-सांगलीच्या मळ्यांत जो ‘को ८६०३२’ जातीचा ऊस उभा असतो, त्याच्या नावातील ‘को’ म्हणजे कोइंबतूर. या लागवडीच्या उसात शंभराहून अधिक गुणसूत्रे असतात आणि तो त्यामुळे आजारी पडत नाही. उलट धष्टपुष्ट होतो. वनस्पती गुणसूत्रांची अशी चैन सोसू शकतात. मानवी शरीराला मात्र एका गुणसूत्राची भर किंवा घट सहसा मानवत नाही.

ही भर किंवा घट होते कशी? बीजपेशी तयार होताना ४६ ची संख्या निम्मी होऊन प्रत्येक अंडपेशीत व शुक्रपेशीत २३ गुणसूत्रे जावयाची असतात. या वाटणीत कधी एखादी जोडी सुटी होत नाही. मग एका पेशीत एक गुणसूत्र जास्त जाते, दुसरीत एक कमी. अशा पेशीपासून झालेला गर्भ बहुधा टिकतच नाही. पहिल्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांच्या मुळाशी गुणसूत्रांचाच दोष असतो. गर्भपात झालेल्या सुनेला ‘जिने चढलीस’, ‘पपई खाल्लीस’, ‘प्रवास केलास’ असे बोल लावणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे ध्यानात घेतले पाहिजे. ज्या घटनेचे बीज गर्भधारणेच्या क्षणीच पडलेले असते, तिचा दोष मागाहूनच्या जिन्याला देता येत नाही, आणि त्या मुलीलाही देता येत नाही.

जे दोष असूनही मूल जन्मास येते, त्यांत सर्वांत परिचित म्हणजे डाउन सिंड्रोम. २१ व्या क्रमांकाची दोन ऐवजी तीन गुणसूत्रे असणे हे त्याचे कारण. पॅरिसमध्ये मार्त गोतिए यांनी पेशी वाढवण्याचे तंत्र उभे केले, आणि तेथूनच १९५९ साली जेरोम लेज्यून, गोतिए व रेमों त्युर्पां यांच्या नावे हा शोध प्रसिद्ध झाला. जुन्या वैद्यकीय पुस्तकांत अशा मुलांना ‘मंगोल’ म्हणत असत. एका राष्ट्राच्या नावाचा हा अपमानकारक उपयोग जागतिक आरोग्य संघटनेने १९६५ साली सोडून दिला. आपल्या बोलण्यातूनही तो जावा. दर सातशे-आठशे जन्मांमागे साधारण एक मूल असे असते. मातेचे वय वाढते तसा हा संभव वाढतो: पस्तिशीत तो साडेतीनशेत एक, तर चाळिशीत शंभरात एक याच्या जवळपास जातो. तरीही अशी पुष्कळ मुले तरुण मातांच्याच पोटी येतात, कारण एकूण प्रसूतीच तरुण वयात अधिक होतात.

येथे दक्षिणेत नेहमी विचारला जाणारा एक प्रश्न घेतो. मामा-भाचीचे किंवा आते-मामे भावंडांचे लग्न झाल्यामुळे असे मूल होते काय? याचे उत्तर नाही असे आहे. गुणसूत्रांच्या वाटणीतील चुकीचा नात्यातील विवाहाशी संबंध नाही. मात्र दुसऱ्या एका गटातील रोगांशी तो निश्चित आहे. जेथे आई व वडील या दोघांकडून एकच सदोष जनुक यावे लागते, तेथे नात्यातील लग्नाने धोका वाढतो. त्यातील एका रोगाचा उल्लेख पुढे येईल. डाउन सिंड्रोमच्या थोड्या रुग्णांत, शेकडा तीन-चार इतक्यांत, अधिकचे २१ वे गुणसूत्र दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेले असते. तेवढ्या वेळी आईवडिलांची तपासणी करणे जरूर असते, कारण तो दोष पुन्हा संभवतो.

डाउन सिंड्रोम असलेल्या सुमारे निम्म्या मुलांना हृदयाचा जन्मजात दोष असतो, आणि आज तो शस्त्रक्रियेने बहुधा दुरुस्त करता येतो. श्रवण, दृष्टी व कंठग्रंथी यांची नियमित तपासणी आणि लहानपणापासून शिकवण्याचे प्रयत्न यांमुळे ही मुले पुष्कळ काही साधतात. डाउन सिंड्रोम फेडरेशन ऑफ इंडिया ही पालकांच्या पुढाकारातून उभी राहिलेली संस्था आपल्या चेन्नईतच आहे. गुणसूत्रांच्या चित्रात ४७ हा आकडा दिसतो. परंतु ते मूल बोलेल किती, हसेल किती, काम करील किती, हे त्या चित्रात कोठेही लिहिलेले नसते.

आता तेविसाव्या जोडीकडे वळू. स्त्रीच्या प्रत्येक अंडपेशीत एक्सच असते, कारण तिच्याजवळ दुसरे काही नसतेच. पुरुषाच्या शुक्रपेशींपैकी निम्म्यांत एक्स व निम्म्यांत वाय असते. एक्सवाली शुक्रपेशी आधी पोहोचली तर सामान्यतः मुलगी, वायवाली पोहोचली तर मुलगा. आयुर्वेदाच्या ग्रंथकारांनी शुक्राच्या आधिक्याने पुत्र व आर्तवाच्या आधिक्याने कन्या असे अनुमान केले होते. ते आज मान्य होणार नाही. पण त्यांनीही भार दोघांवर ठेवला होता, एकट्या स्त्रीवर नव्हे. १९०५ साली अमेरिकेत नेटी स्टीव्हन्स या संशोधिकेने पिठातल्या किड्याच्या नराच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र पाहिले आणि त्याचा नरत्वाशी संबंध जोडला. म्हणजे गेली शंभराहून अधिक वर्षे विज्ञान हे सांगत आले आहे. तरी लागोपाठ मुली झाल्या म्हणून सुनेला घालूनपाडून बोलणारी घरे आहेतच.

सातारा जिल्ह्यात ज्या मुलींची नावेच ‘नकोशी’ किंवा ‘नकुसा’ ठेवलेली होती, अशा २८५ मुलींना २०११ साली समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल की चेन्नईहून फार दूर नसलेल्या तिरुत्तणीच्या परिसरातही ‘वेंडाम’ नावाच्या मुली आहेत. तमिळमध्ये वेंडाम म्हणजे नको. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच नाव शोधून काढले, ही आपणा दोघांनाही लाज वाटावी अशी गोष्ट आहे. त्याहून दुःखाची गोष्ट म्हणजे, गर्भातील गुणसूत्रांचे दोष ओळखण्यासाठी आलेली गर्भजल परीक्षा मुलगी ओळखून तिला नाहीशी करण्यासाठी वापरली गेली. याविरुद्ध कायदा करण्यात महाराष्ट्राने १९८८ साली देशात पहिले पाऊल टाकले, आणि १९९४ साली संसदेने देशव्यापी कायदा केला. आता गर्भाची गुणसूत्रे तपासणे विशिष्ट वैद्यकीय कारणांसाठीच कायदेशीर आहे, आणि मुलगा की मुलगी हे सांगणे हा गुन्हा आहे.

लिंगगुणसूत्रांच्या संख्येतही चुका होतात, आणि त्या इतर चुकांच्या मानाने सौम्य असतात. याचे कारण इंग्लंडमधील मेरी लायन यांनी १९६१ साली उंदरांच्या अभ्यासातून सुचवले. स्त्रीच्या दोन एक्सपैकी एक गर्भावस्थेच्या आरंभीच प्रत्येक पेशीत बहुतांशी निद्रिस्त होते. कोणत्या पेशीत कोणते, हे दैवावर असते. ज्या तिरंगी मांजराला आपण बघताच ‘ही मादीच’ म्हणतो, तिच्या अंगावरील काळे-पिवळे ठिपके याच दैवाचा नकाशा असतात. कॅनडात मरे बार यांनी १९४९ साली मांजरीच्या पेशींत जो गडद ठिपका पाहिला होता, तो हेच निजलेले एक्स. ते पूर्णपणे निजत नाही, त्यातील काही जनुके जागीच राहतात. म्हणून एक्सची संख्या चुकली की काही परिणाम दिसतातच.

एकच एक्स असलेली मुलगी, म्हणजे एकूण ४५ गुणसूत्रे, यास टर्नर सिंड्रोम म्हणतात. सुमारे दोन ते अडीच हजार मुलींत एकीला तो असतो. उंची खुंटते, पाळी येत नाही, काहींची मान रुंद असते. हृदयाची व मूत्रपिंडाची तपासणी आवश्यक ठरते. बुद्धी बहुधा चांगली असते. वेळीच निदान झाले तर वाढीच्या संप्रेरकाने उंची वाढवता येते, आणि पुढे स्त्री-संप्रेरक देऊन वयात येण्याची प्रक्रिया साधता येते. ‘आमच्या घराण्यात सगळ्या बुटक्याच’ असे म्हणत सोळा-सतरा वर्षांपर्यंत थांबले तर ही संधी निसटते. वर्गातील मैत्रिणींच्या मानाने मुलगी फारच मागे राहत असेल, तर आठव्या-नवव्या वर्षीच डॉक्टरांना दाखवावे.

याच्या उलट, दोन एक्स आणि एक वाय असलेला पुरुष. हा क्लाइनफेल्टर सिंड्रोम. पॅट्रिशिया जेकब्स व जॉन स्ट्राँग यांनी १९५९ साली त्याचे कारण दाखवले. सुमारे सहाशे मुलग्यांत एक इतके त्याचे प्रमाण आहे. म्हणजे तो दुर्मीळ नाही, अज्ञात आहे. मुलगा उंच असतो, वृषण लहान राहतात, पुरुष-संप्रेरक कमी पडते, काहींना बोलणे-वाचणे जड जाते. पुष्कळांचे निदान लग्नानंतर मूल होत नाही म्हणूनच होते, आणि तेही पत्नीच्या सर्व तपासण्या, उपासतापास व नवस आटोपल्यावर. अपत्यहीन दांपत्यात पतीची तपासणी आरंभीच करावी. ती अधिक सोपी व स्वस्त असते. आजच्या तंत्राने अशा काही पुरुषांना स्वतःचे मूलही होऊ शकते.

तीन एक्स असलेल्या स्त्रिया आणि एक एक्स, दोन वाय असलेले पुरुष दर हजारी एक इतके असतात. त्यांपैकी बहुतेकांना आयुष्यभर ते कळतही नाही. परंतु या दोन वायच्या पुरुषांची कथा ऐकण्यासारखी आहे. १९६५ साली स्कॉटलंडमधील एका बंदिस्त रुग्णालयात असे काही पुरुष आढळले आणि ‘गुन्हेगारीचे गुणसूत्र’ सापडल्याची हाकाटी झाली. शिकागोत आठ परिचारिकांचा खून करणाऱ्याला दोन वाय असल्याचे वृत्तपत्रांनी छापले. तपासणीत त्याची गुणसूत्रे सामान्य निघाली. १९७६ साली डेन्मार्कमधील अभ्यासाने असे पुरुष अधिक हिंसक असल्याचा समज निराधार ठरवला. तोवर निरपराध मुलांच्या कपाळी शिक्का बसून गेला होता. साक्षीचा निवाडा झाला की काय होते, याचे हे पहिले उदाहरण.

आता सर्वांत नाजूक भागाकडे येतो. गुणसूत्रांची संख्या अगदी बरोबर आहे, आणि तरीही शरीर अपेक्षेहून वेगळे आहे, असे होऊ शकते काय? होते. वायवरील ‘एसआरवाय’ नावाचे जनुक, ज्याचा शोध १९९० साली इंग्लंडमध्ये लागला, ते गर्भात वृषण घडवण्याची पहिली कळ दाबते. परंतु तेथून पुरुषशरीरापर्यंतचा रस्ता लांब आहे. वृषण घडले पाहिजे, त्याने संप्रेरक निर्माण केले पाहिजे, आणि शरीराच्या पेशींनी त्या संप्रेरकाची हाक ऐकली पाहिजे. ही हाक ऐकणाऱ्या प्रथिनाचे जनुक गंमत म्हणजे एक्सवर असते. ते सदोष असेल तर एक्स-वाय गुणसूत्रांचे मूल बाहेरून पूर्णपणे मुलगी म्हणून जन्मते, मुलगी म्हणून वाढते, आणि पाळी येत नाही तेव्हाच प्रथम शंका येते. पूर्ण स्वरूपाच्या या अवस्थेत पुरुष-संप्रेरकाचा शरीराला काही लाभच होत नाही.

याच्या उलट, एक्स-एक्स गुणसूत्रांच्या मुलीत मूत्रपिंडावरील ग्रंथीच्या एका दोषामुळे पुरुष-संप्रेरक अधिक तयार होते आणि जन्मतः बाह्यावयव मुलासारखे दिसू शकतात. दोन्ही पालकांकडून सदोष जनुक यावा लागणारा रोग मी मघाशी म्हटला, तो हाच. त्याच्या एका प्रकारात पहिल्या काही आठवड्यांत शरीरातील मीठ कमी होऊन बाळ दगावू शकते. आणि औषध तर साधे, रोज घेण्याच्या गोळ्यांचे आहे. अशा बाळाला लपवून ठेवणारे घर लाज झाकण्याच्या भरात त्याचा जीव घालवते.

क्रीडाक्षेत्राने हा लांबचा रस्ता लक्षात न घेता केवळ गुणसूत्रांवर विश्वास टाकला. १९६८ च्या ऑलिंपिकपासून स्त्री-खेळाडूंच्या गालाच्या आतील पेशी खरवडून त्यांत मरे बार यांचा ठिपका शोधला जाऊ लागला. स्पेनची अडथळा शर्यतीची धावपटू मारिया होझे मार्टिनेझ-पातिन्यो १९८५ साली जपानमधील कोबे येथे या चाचणीत ‘नापास’ झाली. तिच्या पेशी संप्रेरकाची हाक ऐकत नव्हत्या. तीन वर्षे झगडून तिने १९८८ साली आपला हक्क परत मिळवला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ३३८७ स्त्रियांपैकी आठ जणींत वायचा अंश आढळला. आठही जणींना खेळू देण्यात आले. १९९९ साली ऑलिंपिक समितीने सरसकट चाचणी बंद केली.

तरीही डिसेंबर २००६ मध्ये दोहा येथील आशियाई स्पर्धेत शांती सौंदरराजन यांच्या वाट्याला काय आले? पुदुक्कोट्टै जिल्ह्यातील कत्तक्कुरिच्चि गावच्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांच्या या मुलीने ८०० मीटर धावण्यात रौप्यपदक मिळवले. त्यानंतर तिची तपासणी झाली, पदक काढून घेण्यात आले, आणि तिच्या शरीराची चर्चा देशभर झाली. हा निष्कर्ष आपल्याला दूरचित्रवाणीवरून कळला, असे तिने पुढे सांगितले आहे. तिची गुणसूत्रे कोणती, याविषयी पुष्कळ लिहिले गेले. मी त्यात जाणार नाही, कारण ती माहिती तिची आहे. काही वर्षांनी ती पुन्हा वीटभट्टीवर काम करताना दिसली. नंतर तिने प्रशिक्षकाची पदविका मिळवली, आणि २०१६ साली तमिळनाडू क्रीडा विकास प्राधिकरणात तिची कायम प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली.

स्त्रियांच्या स्पर्धेत कोणाला प्रवेश असावा, हा प्रश्न खोटा नाही. इतर धावपटू मुलींनाही न्याय मिळावयास हवा. या प्रश्नावर अजून एकमत नाही. २०२५ साली जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने एसआरवाय जनुकाची चाचणी पुन्हा आणली, आणि त्या जनुकाच्या शोधकर्त्यांपैकी एक, अँड्र्यू सिंक्लेअर, यांनीच तिच्यावर जाहीर टीका केली: जनुक असणे आणि त्याचा शरीरावर परिणाम झालेला असणे यांत अंतर आहे. नियम कोणताही असो. तो लावताना खेळाडूला आधी समजावून सांगणे, तिची संमती घेणे आणि अहवाल गुप्त राखणे, एवढे तरी तिचे देणे लागते.

सुदैवाने याच राज्यात एक चांगली गोष्टही घडली. २२ एप्रिल २०१९ रोजी मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापुढे विवाहनोंदणीचे एक प्रकरण आले असता न्यायमूर्ती जी. आर. स्वामिनाथन यांनी त्याच निर्णयात राज्य शासनास आदेश दिला, की जन्मतः स्त्री-पुरुष अशा ठरीव साच्यात न बसणाऱ्या अर्भकांवर केवळ त्यांना एका साच्यात बसवण्यासाठी शस्त्रक्रिया करण्यास बंदी असावी. त्या ऑगस्टमध्ये शासनाने तसा आदेश काढला. जिवावर बेतणारे प्रसंग तेवढे वगळले. भारतात असे करणारे तमिळनाडू हे पहिले राज्य होय. याचे तात्पर्य असे, की बाळाला त्रास होत असेल तर उपचार अवश्य करावा; परंतु शेजारणीला काय सांगावे ही आईवडिलांची अडचण हे बाळावर शस्त्र चालवण्याचे कारण होऊ शकत नाही. मोठे झाल्यावर त्या व्यक्तीने स्वतः काय ते ठरवावे.

बंधुभगिनींनो, आपण परप्रांतात राहणारी माणसे. गावाकडे जे आत्या-मावशीजवळ बोलता येते, ते येथे बोलण्यास माणूस नसतो. आणि म्हणून मंडळ हेच आपले विस्तारलेले घर असते. या घरापाशी माझी तीन मागणी आहेत. गुणसूत्रांचा अहवाल हाती आला तर तो केवळ आकडे पाहून वाचू नका. आनुवंशिकीचे जाणकार डॉक्टर आणि समुपदेशक यांच्याकडून समजावून घ्या. दुसरे, तो अहवाल ज्याच्या शरीराचा आहे त्याच्यापासून लपवू नका. वयाप्रमाणे, त्याला कळेल अशा शब्दांत त्याला सांगा, आणि इतरांना सांगावयाचे की नाही हे त्याच्यावर सोडा. तिसरे, आपल्या हळदीकुंकवात, वधूवरांच्या चौकशीत आणि मुलांच्या शिबिरांत अशा कुटुंबांना वगळू नका. ज्या घरात असे मूल आहे त्या घराचा दरवाजा बहुधा आतून बंद झालेला असतो. तो बाहेरून ठोठावण्याचे काम मंडळाचे आहे.

४८ ही चुकीची संख्या विद्वानांनी तीस वर्षे मोजली, कारण त्यांनी पाहण्यापूर्वीच ठरवले होते. ४६ की ४७, एक्स की वाय, हे आज आपण अचूक पाहू शकतो. ज्याच्या पेशीत आपण हे पाहतो, त्या माणसाकडे पाहतानाही काही आधीच ठरवून ठेवू नये, एवढीच विनंती करून मी माझे भाषण संपवतो.